फॅमिलीसर्चवर आयरिश मूळपुरुष शोधताना (फुकट आहे, जरूर वापरा)

भाचीचा नवरा पेनसिल्व्हेनियाचा, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की मूळपुरुष अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधीच आयर्लंडच्या उत्तरेकडनं म्हणजे अल्स्टरमधनं आला, पण कागद एकही नाही. मी आमच्या कुलवृत्तांताच्या कामात होते आणि इतिहास संशोधक मंडळात जाऊन मोडी कागद बघायची सवय आहे म्हणून जावयांनी मलाच गळ घातली, मावशी तुम्ही बघा ना. कोथरूडला घरी बसून हे होईल असं वाटलं नव्हतं पण झालं बऱ्यापैकी, आणि ते फॅमिलीसर्च या जुन्या नोंदी शोधायच्या साइटमुळे.

आधी एक समजून घ्या. त्या काळात आयर्लंडमधनं येणारे ब्रिटिश प्रजाच, त्यामुळे बंदरावर त्यांची यादी करायची सक्ती नव्हती. फिलाडेल्फियाला जर्मन लोकांच्या याद्या 1727 पासून आहेत, आयरिशांच्या तशा नाहीत. आणि डब्लिनचं रेकॉर्ड ऑफिस 1922 च्या यादवीत जळलं, त्यात जुनी जनगणना, इच्छापत्रं, कितीतरी चर्चची रजिस्टरं गेली. म्हणून नाव टाकलं की जहाज आणि गाव मिळेल ही अपेक्षा सोडा. एका पैसे घेणाऱ्या साइटने मला पहिल्याच दिवशी थेट आयरिश सरदार घराण्यापर्यंत वंशावळ दाखवली, पुरावा शून्य, लगेच बंद केली.

फॅमिलीसर्चचं खरं बळ म्हणजे फुल टेक्स्ट सर्च. 2024 मध्ये आलं. हाताने लिहिलेली जमिनीची खतं आणि इच्छापत्रं कॉम्प्युटर वाचतो आणि आतला कुठलाही शब्द शोधता येतो, म्हणजे आपला माणूस नुसता साक्षीदार किंवा शेजारी म्हणून आला असेल तरी सापडतो!! जुन्या इंडेक्समध्ये हे लोक येतच नाहीत. शेजारी मूळ पानाचा फोटो असतो, तो वाचाच, कारण त्या काळचा लांब एस अगदी एफसारखा दिसतो आणि मशीन फसतं. आडनावाची स्पेलिंग्ज पण बदलून बदलून टाका, कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलंय.

आम्हाला सगळ्यात जास्त एका इच्छापत्राने दिलं. लेकींची नावं, जावयांची नावं, कोणाला घोडा कोणाला चरखा, आणि खाली साक्षीदार, तीच दोन आडनावं शेजारच्या जमिनीच्या खतातही आली. ही मंडळी बरेचदा एकाच गावची, एकाच प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) चर्चची, गटाने येऊन शेजारी शेजारी जमीन घ्यायची, त्यामुळे आपल्या माणसाचं गाव कळत नसेल तर शेजाऱ्याचं शोधायचं. अजून एक, पेनसिल्व्हेनियात 1750 ला लँकेस्टरमधून कंबरलंड काउंटी (म्हणजे जिल्हा) वेगळी काढली, आपल्याकडे रत्नागिरीतून सिंधुदुर्ग काढला तसंच, म्हणजे माणूस जागचा हलला नाही तरी कागद दोन ठिकाणी, दोन्ही काउंट्या बघा.

साइटवरचं सामायिक फॅमिली ट्री मात्र कोणीही बदलू शकतं, तेव्हा खाली कागद जोडलेला असेल तेवढंच धरा. काही फिल्म्स (कागदांचे फोटो) घरून उघडत नाहीत, त्यांच्या सेंटरवर किंवा जोडलेल्या लायब्ररीतच दिसतात, हे आधीच माहीत असू द्या. बाकी अकाउंट फुकट, सगळं सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चच्या खर्चाने चालतं. 1938 पासून या लोकांनी जगभर जुन्या कागदांच्या मायक्रोफिल्म केल्या, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा केल्यात, मला याचं फार कौतुक वाटतं.

आता त्या साक्षीदारांची आडनावं मी 1796 च्या जवस लावणाऱ्यांच्या आयरिश यादीत ताडून बघतेय, जवळजवळ 60,000 नावं आहेत, नेटवर फुकट, आणि पॅरिशप्रमाणे (एका चर्चच्या हद्दीतला भाग) लावलेली. जे नातलग मागे आयर्लंडमध्येच राहिले त्यांच्यावरून गाव लागेल असं वाटतंय. तुमच्याकडे असं काम आलं तर जन्मनोंद शोधत बसू नका, थेट इच्छापत्रापासून सुरू करा.