एका चाकावरची रबरी कडी: ‘क्योफ-२’ शंटिंग इंजिनाचा वापरानंतरचा अनुभव

विक्रेत्याशी चाललेला पत्रव्यवहार अखेर संपला असल्यामुळे या इंजिनाविषयी सविस्तर लिहिण्यास आता हरकत नाही. उत्पादकाचे आणि विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही. ‘क्योफ-२’चे एचओ (म्हणजे १:८७ प्रमाणातले) मॉडेल जर्मनीत एकाहून अधिक कंपन्यांनी काढलेले आहे आणि माझी मुख्य तक्रार चार चाकांच्या जवळजवळ कोणत्याही छोट्या इंजिनाला लागू पडू शकते. माझ्याकडील इंजिन दोन रुळी पद्धतीचे (विजेचा एक ध्रुव एका रुळातून, दुसरा दुसऱ्यातून घेणारे), डिजिटल डिकोडर (रुळांतून येणाऱ्या आदेशांप्रमाणे मोटार चालवणारा छोटा भाग) बसवलेले आणि कारखान्याच्या पिवळ्या रंगातले आहे. दोनशे युरोंच्या थोडे आत मिळाले. बाकीचे तांत्रिक तपशील खोक्यावर छापलेले असतात. ते येथे पुन्हा उतरवत नाही.

श्टुटगार्टमधील आमच्या भाड्याच्या घरात कायमची रेल्वे मांडण्याइतकी जागा नाही. त्यामुळे कपाटामागे उभी सरकवता येईल अशी, एकशे साठ सेंटिमीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद फळी केली आणि तिच्यावर एका ओतकाम कारखान्याचे साइडिंग उभारले. मांडणी ब्रिटिश मॉडेलकार ॲलन राइट यांच्या ‘इंगलनूक’ कोड्याची आहे. तीन फाटे असतात. एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन, आणि पुढच्या मार्गिकेवर इंजिनासह केवळ तीन. एकूण आठ वाघिणींपैकी चिठ्ठ्या टाकून निघालेल्या पाच, निघाल्या त्याच क्रमाने, लांब फाट्यावर जुळवायच्या. असे ६,७२० क्रम संभवतात, म्हणून दोन सांध्यांच्या (एका मार्गाला दुसरा फुटतो त्या जागांच्या) एवढ्याशा फळीवरही कंटाळा येत नाही. भारतीय रेल्वेचा विषय का घेतला नाही, असे पुण्याचे मित्र विचारतात. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर, १,६७६ मिलिमीटरचा आहे. १:८७ या प्रमाणात तो १९.३ मिलिमीटर भरतो आणि बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. हा फरक एकदा डोळ्यांना दिसला की मग तोच दिसत राहतो. युरोपचा १,४३५ मिलिमीटरचा गेज मात्र या रुळावर नेमका बसतो.

अशा फळीसाठी क्योफहून योग्य इंजिन मला तरी माहीत नाही. मूळ इंजिने १९३०च्या दशकातली. छोट्या स्थानकांवर वाघिणी इकडून तिकडे नेण्यासाठी मालगाडीचे मोठे इंजिन अडकून पडू नये, म्हणून जर्मन रेल्वेने ती करवून घेतली. गिअरपेटीतून आसांपर्यंतची (चाके जोडणाऱ्या दांड्यांपर्यंतची) शक्ती साखळीने जाते, आणि आरंभीच्या इंजिनांना ब्रेक लावायचा तो पायाने दाबून. रेल्वेच्या सेवेतून निघाल्यावर यांतील अनेक कारखान्यांनी विकत घेतली. लांबी फक्त साडेसहा मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये चौऱ्याहत्तर मिलिमीटर. जेथे पुढची मार्गिका इंजिन अधिक तीन वाघिणी एवढ्याच लांबीची असते, तेथे इंजिनाचा प्रत्येक सेंटिमीटर वाचवावा लागतो.

आता मुख्य तक्रार. शंटिंगच्या फळीवर इंजिनाचे खरे काम सावकाश चालणे हेच आहे. ताशी पाच किलोमीटर या शंटिंगच्या वेगाला ८७ ने भागले, तर मॉडेलने सेकंदाला सुमारे सोळा मिलिमीटर सरकले पाहिजे; म्हणजे माझी फळी पार करायला शंभर सेकंद. मोटार आणि गिअर यांना हे सहज जमते. डिकोडरमधील आरंभीचे व्होल्टेज आणि वेगवाढीची मूल्ये थोडी बदलल्यावर इंजिन इतके संथ आणि सलग चालू लागले की पाहत राहावे. सांधा येईपर्यंत. सांध्याच्या ज्या ठिकाणी दोन रूळ एकमेकांना छेदतात, तो भाग माझ्या सांध्यांत प्लॅस्टिकचा आहे आणि साधारण दीड सेंटिमीटर लांबीत वीज नसते. इंजिन तेथे पोहोचले की जागच्या जागी थांबे, दिवे विझत आणि बोटाने ढकलल्याशिवाय पुढे हलत नसे.

अशा वेळी सगळे जण एकच सल्ला देतात: रूळ पुसा, चाके पुसा. रूळ पुसले, चाके पुसली आणि त्यातून एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. डाव्या सांध्यावरून सरळ जाताना इंजिन हटकून थांबे. वळणाच्या मार्गाने जाताना कधीच नाही. इंजिन उचलून तोंड फिरवून ठेवले, तर वळणावर थांबे आणि सरळ मात्र निर्धास्त जाई. धुळीला अशी आवडनिवड नसते. इंजिन उलटे करून भिंगाखाली पाहिले, तेव्हा चारांपैकी एका चाकाच्या धावेत खाच पाडून तिच्यात पारदर्शक रबराची कडी बसवलेली दिसली.

हलके इंजिन घसरू नये, त्याने अधिक वाघिणी ओढाव्यात, यासाठी ही कडी असते. परंतु रबरातून वीज जात नाही. चार चाकांच्या इंजिनाला प्रत्येक बाजूचा रूळ गाठण्यासाठी दोनच चाके असतात. त्यांतील एकाला रबर चढवले की त्या बाजूची सगळी भिस्त उरलेल्या एका चाकावर येते, आणि तेच चाक प्लॅस्टिकवर आले की इंजिन मेले. सांध्यावरून सरळ जाताना तो भाग डाव्या चाकांखाली येतो आणि वळताना उजव्या, म्हणून तोंड फिरवताच त्रासाचीही बाजू फिरत होती. याउलट चारही चाके धातूची असती, तर त्यांच्यातील अंतर जवळजवळ एकोणतीस मिलिमीटर असल्यामुळे पंधरा मिलिमीटरच्या प्लॅस्टिकवर एका बाजूची दोन्ही चाके एकाच वेळी कधीच आली नसती. म्हणजे हा दोष इंजिनाच्या आराखड्यात नव्हताच, तो अकारण वरून चढवलेला होता. सपाट फळीवर जे इंजिन जास्तीत जास्त पाच वाघिणी हलवणार, त्याला घसरण्याची भीती किती? दुकानातील गोल मार्गावर इंजिन सेकंदाला दहा सेंटिमीटरने पळते, तेथे प्लॅस्टिकचा तुकडा ते नुसत्या गतीनेच ओलांडते, त्यामुळे विकत घेताना यातले काहीच उघड होत नाही.

गोपिंगेन येथील मेर्क्लिन कंपनीच्या तीन रुळी पद्धतीत हा प्रश्न बराच सौम्य होतो, कारण तेथे दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असतात आणि दुसरा ध्रुव रुळांच्या मधोमध असलेल्या धातूच्या टोकांवरून घासत जाणाऱ्या पट्टीतून मिळतो. त्या मधल्या टोकांचे दिसणे मला पटत नाही, म्हणून मी दोन रुळी पद्धत घेतली होती. या काळात तो निर्णय बदलण्याचा विचार मनात आला नाही असे नाही.

धातूच्या छेदाचे, वीज फिरवता येणारे दोन नवे सांधे घेणे हा सरळ उपाय होता. परंतु माझे सांधे जुन्या सामानाच्या बाजारातून दोन्ही मिळून दहा युरोंत घेतलेले, खडी चिकटवून पक्के बसवलेले. तेव्हा आधी थोडी वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर बसवून पाहिला: एक हजार मायक्रोफॅरड, पंचवीस व्होल्ट, सोबत शंभर ओहमचा रोधक आणि एक डायोड. एवढ्याशा इंजिनात तो ठेवायला केबिनखेरीज जागा नाही. त्यासाठी चालकाला कमरेपासून कापावे लागले, आणि आता तो खिडकीतून पूर्वीसारखाच बाहेर पाहत असला तरी त्याच्या पोटाखाली काळे नळकांडे आहे. उपयोग? दिवे लुकलुकायचे थांबले. वेगाने जाताना इंजिन अडखळेनासे झाले. सावकाश जाताना मात्र फारसा फरक पडला नाही, आणि हिशेब केल्यावर त्याचे कारणही कळते. मोटार साधारण पन्नास मिलिॲम्पिअर घेते आणि कपॅसिटरचे व्होल्टेज सहाने उतरेपर्यंत ती चालते असे धरले, तर हाती येतात एक-अष्टमांश सेकंद. त्या वेळात शंटिंगच्या वेगाने इंजिन सरकणार दोन मिलिमीटर, आणि ओलांडायचे आहेत पंधरा. याहून फार मोठे कपॅसिटर या केबिनमध्ये शिरत नाहीत.

खरेदीला दहा महिने होत आले असताना इंजिन लंगडू लागले. चालता चालता ठरावीक अंतराने ‘टक्’ असा आवाज येई आणि वाघिणी एकमेकींवर आदळत. फुटपट्टी लावून पाहिले, तर दोन धक्क्यांमधील अंतर एकतीस मिलिमीटरच्या आसपास भरले. मूळ चाकाचा व्यास साडेआठशे मिलिमीटर, मॉडेलमध्ये ९.८, आणि त्याचा परीघही तेवढाच येतो. म्हणजे दोष मोटारीत नसून आसावर होता. तळाचे झाकण काढल्यावर आसावरचे प्लॅस्टिकचे दातेरी चाक एका दातापाशी उभे तडकलेले सापडले. आस दाबून बसवलेला असल्यामुळे प्लॅस्टिकवर कायमचा ताण राहतो आणि ते कालांतराने फाटते. जुन्या मॉडेलांच्या बाबतीत हे सर्वांना ठाऊक आहे; नव्या इंजिनाच्या बाबतीत ते का सोसावे?

विक्रेत्याचे पहिले उत्तर आले ते असे, की ही वापराने होणारी झीज आहे आणि झिजणारे भाग हमीत येत नाहीत. येथे जर्मनीतील ग्राहकांनी एक नियम लक्षात ठेवावा. उत्पादकाने स्वतःहून दिलेली हमी वेगळी आणि विक्रेत्यावर असलेली कायदेशीर जबाबदारी वेगळी. ती नव्या वस्तूसाठी दोन वर्षांची असते. १ जानेवारी २०२२ पासून झालेल्या खरेदीत पहिल्या वर्षभरात दिसून आलेला दोष मुळातच होता असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचे ओझे विक्रेत्यावर असते. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. मी फुटपट्टीसह काढलेले छायाचित्र, परिघाचा हिशेब आणि कायद्याचे कलम जोडून पत्र पाठवले. त्यानंतर उत्तराची भाषा एकदम मऊ झाली आणि इंजिन विनामूल्य दुरुस्तीला गेले. पाठवणीचा खर्च मात्र आधी माझ्याकडूनच घेतला आणि तो परत मिळवायला आणखी दोन पत्रे लिहावी लागली. रक्कम सहा युरोंचीही नव्हती, पण ती सोडायला मी तयार नव्हतो.

इंजिन परत आले. नवा आस, नवे दातेरी चाक आणि चाकावर नवी कोरी रबरी कडी.

येथपर्यंतचे वाचून कोणालाही वाटेल की हे इंजिन घेऊ नये असेच मी सांगणार. तसे आता राहिलेले नाही. दुरुस्ती विभागातील गृहस्थांना दूरध्वनी करून, रबर नसलेला आस मिळू शकेल का, असे सहज विचारले. ते म्हणाले, मिळतो. सुट्या भागांच्या यादीत आहे, किंमत अकरा युरो. मग तो मुळातच इंजिनासोबत का देत नाही, यावर त्यांचे उत्तर प्रांजळ होते. दुकानात ग्राहक पहिला प्रश्न करतो तो इंजिन किती वाघिणी ओढेल हा. किती सावकाश चालेल, हे क्वचितच कोणी विचारते.

नवा आस बसवायला दोन स्क्रू आणि थोडा संयम एवढेच लागले. तळाचे झाकण काढल्यावर वीज घेणाऱ्या तांब्याच्या पातळ पट्ट्या चाकाच्या मागच्या बाजूला नीट टेकतात ना, एवढे पाहावे. त्या केसाइतक्या जरी बाहेर वाकल्या तरी सगळे कष्ट वाया जातात. त्यानंतर इंजिन सांध्यावरून सरळ, वळणावर, पुढे, मागे, कोणत्याही तोंडाने न थांबता जाऊ लागले. ओढण्याची शक्ती घटली असणार, पण माझ्या पाच वाघिणी ते चाक न घसरता सुरळीत हलवते. ज्या शक्तीसाठी रबर चढवले होते, तिची माझ्या फळीवर कधीच गरज पडलेली नाही. कपॅसिटर तसाच ठेवला आहे. चालकाचे पाय परत येणार नाहीत, निदान दिवे तरी स्थिर राहतात.

इतर बाबींविषयी थोडक्यात. बारीक कठडे खोका उघडला तेव्हा फार आवडले होते. आता त्यांतील एक वाकला आहे आणि एक पुन्हा चिकटवला आहे, कारण इंजिन उचलायचे तर बोटे तेथेच पडतात. शंटिंगसाठी रोज हाताळण्याच्या इंजिनाला थोडे जाड कठडे चालले असते. वाघिणी जोडणारे कड्यांचे कपलिंग ठीक आहे. सोडवण्यासाठी मी बांबूची काडी टोकाला चपटी करून वापरतो. आवाजाचा डिकोडर घेतला नाही आणि त्याची उणीव भासत नाही.

पुण्यात कोथरूडच्या जोशी रेल्वे संग्रहालयात गाड्या धावताना पाहून ज्यांना हा छंद लागला आहे आणि जे घरी लहान फळी करू इच्छितात, त्यांना क्योफ सुचवायला मला अडचण नाही. मात्र इंजिन जर्मनीतून मागवले तर तक्रारीसाठी ते परत पाठवण्याचा खर्च आणि दगदग इंजिनाच्या किमतीच्या मानाने परवडणारी नाही. तेव्हा जो कोणी ते येथून घेऊन येणार असेल, त्याला दुकानातच दोन गोष्टी करायला सांगाव्यात: इंजिन सर्वांत कमी वेगावर सांध्यावरून दोन्ही मार्गांनी, दोन्ही तोंडांनी चालवून पाहावे, आणि रबराविना आस त्याच वेळी सोबत विकत घ्यावा. उत्पादकाने तो खोक्यातच द्यावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे, असे छापील उत्तर आले.