1050 टीआयच्या नावाखाली 550 टीआय विकतायत, सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

8,350 रुपये गेले. त्यातले 6,200 कार्डचे आणि 2,150 नव्या पॉवर सप्लायचे. शिवाय ऑर्डर वेळेत देता आली नाही म्हणून एका पार्टीला 3,000 ॲडव्हान्स परत करावा लागला तो वेगळाच. सांगलीत मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, हे माझं पोट आहे. हौस म्हणून गेम खेळायला कार्ड घेतलं नव्हतं.

जुन्या वस्तूंच्या ॲपवर जाहिरात होती: जीटीएक्स 1050 टीआय, 4 जीबी, 6,200 रुपये. भाव संशय यावा इतका कमी नव्हता. फुकटात पडतंय म्हणून मी धावले नाही, हे मुद्दाम सांगते, कारण प्रत्येक जण मला पहिलं हेच ऐकवतो. विकणाऱ्याचा रिपेअरिंगचा गाळा होता, तिथे जाऊन समोर चालवून बघितलं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 1050 टीआय, डिस्प्लेच्या माहितीत मेमरी 4096 एमबी. फुल एचडी व्हिडिओ लावून दाखवला, नीट चालला. अजून काय तपासायचं माणसाने?

कार्डच्या मागे निळा व्हीजीए पोर्ट होता. माझा दुसरा मॉनिटर जुना, व्हीजीएवालाच, त्यामुळे मला उलट बरंच वाटलं. वरच्या कडेला सहा पिनचं पॉवर सॉकेट होतं. 1050 टीआयला वेगळी पॉवर लागत नाही असं ऐकलं होतं, म्हणून मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मॅडम, हे ओसी मॉडेल आहे, ओसीला लागते." ओसी म्हणजे ओव्हरक्लॉक, कंपनीने वेग वाढवून दिलेलं कार्ड. हे अर्धं खरं आहे. काही कंपन्यांच्या अस्सल 1050 टीआयलाही सहा पिन असतात. असं अर्धं खरं बोलणाऱ्याला कुठे पकडणार?

पण निघताना तो जे बोलला ते आठवलं की अजून डोकं फिरतं. हातात पेनड्राइव्ह दिला आणि म्हणाला, "ड्रायव्हर यातलाच टाका. अपडेट अजिबात करायचा नाही. विंडोजने विचारलं तरी कॅन्सल." कॅन्सल! चांगल्या कार्डला अपडेटची भीती कशाला असेल? पैसे तेव्हा अजून माझ्याच खात्यात होते. तिथेच कार्ड टेबलावर ठेवून उठायला हवं होतं. पण सीझन तोंडावर, दोन लग्नांचं फुटेज पडून, आणि समोरचा माणूस इतका शांतपणे बोलत होता की सेटिंगची काहीतरी बारीक गोष्ट असेल असंच कुणालाही वाटलं असतं. यूपीआय केलं. बिल मागितलं तर कच्च्या चिठ्ठीवर "ग्रा. कार्ड 6,200" लिहून दिलं. चिठ्ठी असली तरी त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर तिला काडीची किंमत नाही.

घरी जुना पॉवर सप्लाय पुरेना, नवा आणला. एक्सपोर्टला बसले तर हार्डवेअर एन्कोडिंगचा, म्हणजे व्हिडिओ फाइल कार्डकडूनच बनवून घ्यायचा, पर्यायच दिसेना. टाइमलाइन जरा जड झाली की स्क्रीनवर रंगीत चौकटी यायच्या आणि मशीन बंद. शेवटी भाच्याने जीपीयू-झेड टाकलं, कार्डमध्ये खरी चिप कोणती ते दाखवणारं सॉफ्टवेअर. कार्डच्या नावाआधी "फेक" आणि कंपनीच्या लोगोच्या जागी पिवळा त्रिकोण. चिप जीएफ116, 40 नॅनोमीटर, शेडर, म्हणजे चिपमधले कोर, 192.

म्हणजे जीटीएक्स 550 टीआय, मार्च 2011 चं कार्ड. 1050 टीआय आलं ऑक्टोबर 2016 मध्ये. एकात 192 कोर, दुसऱ्यात 768. जुन्याची खरी मेमरी साधारण 1 जीबी, बायॉस (कार्डमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर) बदलून 4 दाखवायला लावतात, आणि काम 1 जीबीच्या वर गेलं की कोसळतं. जुनं 116 वॅट खातं, नवं 75. म्हणजे वीज जास्त आणि काम सुमारे एक तृतीयांश. मेमरीच्या वेगात मात्र फार फरक नाही, 98 विरुद्ध 112 जीबी सेकंदाला, त्यामुळे साध्या व्हिडिओवर काहीच कळत नाही. चिपमध्ये एन्कोडिंगसाठी वेगळा भाग फर्मी पिढीत, म्हणजे 550 टीआयच्या पिढीत, नव्हताच, तो 2012 च्या केपलर पिढीपासून आला. आणि फर्मीचे नियमित ड्रायव्हर एनव्हिडियाने 2018 मध्येच थांबवले. म्हणून तो अपडेटला घाबरत होता! तो व्हीजीए पोर्टही तसाच: पास्कलच्या, म्हणजे 1050 टीआयच्या पिढीच्या, चिपमधून व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. 1050 टीआयवर व्हीजीए दिसला की तिथूनच परत फिरा.

विकणाऱ्याने आधी फोन उचलला, मग ब्लॉक केलं. गाळ्यावर गेले तर, "तुम्हीच काहीतरी सॉफ्टवेअर टाकून बिघडवलं."

पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार म्हणाले, "ताई, पडद्यावर चित्र दिसतंय ना? मग फसवणूक कसली?" मी त्यांना जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट दाखवला, त्यांनी मोबाइल हातातही घेतला नाही. म्हणे ऑनलाइन जाहिरात बघून घेतलंय, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर घेतलंय, हा सायबरचा विषय नाही, स्थानिक ठाण्यात जा. परत ठाण्यात आले तर साहेब बंदोबस्ताला. अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत! पोचेसाठी भांडावं लागलं. एक जण तर म्हणाला, "सहा हजारांसाठी कोर्टाच्या चकरा मारणार का?" हो, मारणार. माझे सहा हजार आहेत, घाम गाळून मिळवलेले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये अमुक रकमेच्या खालची फसवणूक चालते असं कुठेही लिहिलेलं नाही. दुचाकी चोरून इंजिन बदलून विकली तर तुम्ही गुन्हा घ्याल, मग चिपचं नाव बदलून विकलं तर का नाही? जाहिरातीच्या ॲपवाल्यांचं उत्तर तर मशीनने लिहिलेलं: व्यवहाराची जबाबदारी दोन्ही पक्षांची. मी रिपोर्ट केलेली जाहिरात त्यानंतरही तशीच होती.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. त्याचा गाळा आहे, हा त्याचा धंदा आहे, त्यामुळे तो विक्रेताच ठरतो. 5 लाखांपर्यंत फी नाही आणि 2 वर्षांची मुदत असते, त्यामुळे पोलिसांनी घालवलं म्हणून घरी बसू नका. चॅट पुसू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच काढून ठेवा, नंतर ती गायब होऊ शकते. कार्ड बघायला जाताना स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये जीपीयू-झेडची ताजी आवृत्ती न्या, 2018 च्या आधीची नकली कार्ड ओळखत नाही. "इथे नेट नाही, सॉफ्टवेअर चालत नाही" म्हणाला की उठायचं. मागच्या पोर्टचा फोटो आधी मागवा.

त्याची नवी जाहिरात परवा दिसली. तेच 1050 टीआय, 6,500 रुपये, आणि फोटो फक्त पंख्याच्या बाजूचा. सांगली, मिरज, कोल्हापूर भागात कुणी "पेनड्राइव्हमधलाच ड्रायव्हर टाका" असं सांगून दिलेलं कार्ड घेतलं असेल तर आजच तपासा आणि मला लिहा. यूपीआयची पावती आणि जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट जोडा. चार जणांचे कागद एकत्र गेले तर अर्जाची पोच द्यायला ठाण्यात इतकी खळखळ होणार नाही.