ब्रेसेस टोचतायत: मेण की मिठाच्या गुळण्या?

लेकीच्या ब्रेसेसची तार गालाला टोचायला लागली आणि आमच्या कोथरूडच्या घरात दोन पक्ष पडले. आजी मिठाच्या गुळण्यांच्या बाजूने, मी मेणाच्या (ब्रेसेससाठी मिळतं ते खास मेण, मेणबत्तीचं नव्हे). गुळण्यांनी सोललेला गाल निवतो, हे खरं: कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, बास. पण टोचणारं टोक तिथेच राहतं ना! मेण थेट त्यावर बसतं. कापसाने ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) आधी कोरडं करायचं, वाटाण्याहून लहान गोळी बोटांत मळून दाबायची. ओल्यावर ते धरतच नाही. जेवताना काढायचं, चुकून गिळलं तरी अपाय नाही. (मिसळीतलं कडक फरसाण मात्र नकोच, ब्रॅकेट निघतं.) मी मेणालाच मत देईन. आजींच्या गुळण्या झोपताना. तार फारच बाहेर आली तर डॉक्टरांना फोन, घरच्या नेलकटरला हात लावू नका.