सिमेंटसह की सिमेंटविना: खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर अर्धा सांधा बसवताना

मांडीच्या हाडाच्या मानेचे फ्रॅक्चर जागेवरून सरकलेले असेल, म्हणजे गार्डनच्या वर्गीकरणात तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकारात मोडत असेल आणि रुग्ण वयोवृद्ध व बेताची हालचाल असणारा असेल, तर हेमिआर्थ्रोप्लास्टीचा, म्हणजे सांध्याची फक्त मांडीच्या हाडाकडची बाजू कृत्रिम बसवण्याचा निर्णय बहुधा लवकर होतो. रेंगाळतो तो पुढचा प्रश्न: स्टेम, म्हणजे कृत्रिम सांध्याचा हाडाच्या पोकळीत उतरणारा दांडा, सिमेंटने पक्का करावा, की हाडात ठोकून घट्ट बसवावा?

सिमेंटविना पद्धतीची बाजू लंगडी नाही. शस्त्रक्रिया थोडी लवकर आटोपते. शिवाय सिमेंट दाबताना मज्जेतील चरबी रक्तात शिरून रक्तदाब आणि ऑक्सिजन एकाएकी घसरण्याचा धोका टळतो. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा गंभीर विकार असलेल्या रुग्णाबाबत भूलतज्ज्ञांनी शंका घेतली, तर मी ती कधीही हलक्याने घेत नाही.

तरीही मला सिमेंटकडे वळवले ते स्टेम ठोकतानाच्या शेवटच्या काही घावांनी. ठिसूळ हाडात स्टेम जराही फिरू नये इतका घट्ट बसवायचा, तर जोर लावावाच लागतो आणि नेमक्या त्याच जोराने कॅल्करला, म्हणजे मानेखालच्या आतल्या बाजूच्या हाडाला तडा जाऊ शकतो. माप बरोबर असते, ब्रोच (पोकळीला स्टेमचा आकार देणारे कानशीसारखे हत्यार) नीट बसलेला असतो. तरी हातोडीचा आवाज किंचित बदलतो, स्टेम अपेक्षेपेक्षा खोल उतरतो आणि हाडाभोवती तारा आवळाव्या लागतात. तडा तिथेच दिसला तर निभावते. न दिसलेला तडा मात्र रुग्ण पायावर भार देऊ लागल्यावर रुंदावू शकतो आणि मग थकलेल्या शरीरावर दुसरी शस्त्रक्रिया येते. पातळ कवचाच्या, रुंद पोकळीच्या डॉर सी प्रकारच्या हाडात ही धास्ती मला सर्वाधिक वाटते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘व्हाइट ५’ चाचणीत स्टेमभोवतीच्या फ्रॅक्चरचे प्रमाण सिमेंटविना गटात २.१ टक्के, तर सिमेंटच्या गटात ०.५ टक्के आढळले. चार महिन्यांनंतरचे जीवनमानही सिमेंटच्या गटात सरस होते.

सिमेंटचा धोका खरा आहे, पण त्याची तयारी करता येते. भूलतज्ज्ञांना आधी सूचना द्यावी, पोकळी धुऊन कोरडी करावी, सिमेंट गनने खालून वर भरावे आणि नाजूक रुग्णात जोराने दाबू नये. हाड तडकण्याबाबत एवढी आगाऊ काळजी माझ्या हाती राहत नाही, म्हणून बहुतेक रुग्णांसाठी मी सिमेंटच निवडेन. सिमेंट टाळायचे ठरलेच, तर तारा आधीपासून टेबलावर असाव्यात आणि टाके घालण्यापूर्वी कॅल्कर पुन्हा नीट पाहावा.