एचटीएमएक्स 2: तुकड्यापुरतं काम चोख, फॉर्मला मात्र जपा
वेबपानावरची यादी किंवा आकडा तेवढा ताजा करायला रिॲक्टसारखी अख्खी जावास्क्रिप्ट लायब्ररी कशाला? एचटीएमएक्स ही छोटी लायब्ररी एचटीएमएलमध्येच लिहिलेल्या सूचनांवरून (ॲट्रिब्यूट) सर्व्हरकडून तुकडा आणून पानात बसवते. बटणावर एचएक्स-गेटमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि एचएक्स-टार्गेटमध्ये डिव्हचा (पानावरच्या कप्प्याचा) आयडी # लावून दिला की झालं. टार्गेट विसरलात तर उत्तर बटणाच्याच पोटात जाऊन बसतं. सर्व्हरने मात्र तेवढाच एचटीएमएल तुकडा पाठवायचा, नाहीतर पानात पान, हेडरसकट!

खरी डोकेदुखी फॉर्मची. सर्व्हरने चुकांची यादी 422 (म्हणजे भरलेली माहिती चालत नाही) या कोडसह पाठवली, तर मूळ सेटिंगमध्ये पानावर काहीच हलत नाही. वापरणारा बटण दाबत बसतो. रिस्पॉन्स-हँडलिंग सेटिंगमध्ये 422 ला परवानगी द्या. बदललेल्या घटकांवरचे क्लिक-लिसनरही (क्लिक झाल्यावर चालणारा जावास्क्रिप्ट कोड) उडतात, म्हणून ते बाहेरच्या, न बदलणाऱ्या डिव्हवर लावावेत. ड्रॅग-ड्रॉपने भरलेल्या स्क्रीनसाठी दुसरं काही बघा.