ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिड : २७.९७चा आकडा आणि दीड वर्षाच्या नोंदी

मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा सप्टेंबर २०२२मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला गाडी एकटीने चालवू शकणारी विद्युत मोटर असलेल्या) रूपाविषयीची बहुतेक सारी चर्चा एकाच आकड्याभोवती फिरत होती : लिटरला २७.९७ किलोमीटर. तेराशे किलोंच्या आसपास वजन आणि सव्वाचार मीटरहून अधिक लांबी असलेली पेट्रोल एसयूव्ही लहान हॅचबॅकपेक्षा चांगले अ‍ॅव्हरेज देईल, यावर चटकन विश्वास बसत नाही. मी ही गाडी घेतली ती या आकड्यामुळेच, आणि म्हणून पहिल्या दिवसापासून पेट्रोलच्या प्रत्येक थेंबाची नोंद वहीत ठेवत आलो. दीड वर्षात गाडी २१,४६० किलोमीटर चालली आहे. तिची आसने, पडदा, ध्वनियंत्रणा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे फक्त इंधनाचा हिशेब मांडतो.

नोंदींची पद्धत आधी सांगणे आवश्यक आहे, कारण अ‍ॅव्हरेजविषयीचे निम्मे वाद पद्धतीतल्या ढिलाईतून उद्भवतात. मी शक्यतो एकाच पंपावर, एकाच नोझलने, पहिला ऑटो-कट होईपर्यंतच पेट्रोल भरतो. आकडा पूर्ण करण्यासाठी वरून आणखी ओतू देत नाही. बाहेरगावी जाण्यापूर्वी आणि परतल्यावर टाकी भरतो, म्हणजे शहरातले आणि महामार्गावरचे पेट्रोल एकमेकांत मिसळत नाही. टाकी ४५ लिटरची आहे. एका वेळी दहा लिटर भरून काढलेल्या अ‍ॅव्हरेजला मी किंमत देत नाही, कारण ऑटो-कट अर्धा लिटर अलीकडे किंवा पलीकडे झाला, तरी उत्तर पाच टक्क्यांनी बदलते. तीस-पस्तीस लिटरवर तोच फरक दीड टक्क्यावर येतो. एकेरी प्रवासाचा किंवा अगदी छोट्या फेरीचा अंदाज घ्यायचा असेल, तर मात्र गाडीच्या पडद्यावरील आकड्याचा आधार घ्यावा लागतो. पडद्यावरचा आकडा आणि पंपावरचा हिशेब यांत, बहुतेक सगळ्याच गाड्यांत असतो तसा, थोडा फरक राहतो. तो वजा करूनच पुढचे आकडे दिले आहेत.

एकूण ९३६ लिटर पेट्रोल लागले, म्हणजे सरासरी २२.९. परंतु या सरासरीतून गाडीचा स्वभाव कळत नाही. शहरात ती २४.४ देते आणि महामार्गावर २०.५. आयुष्यभर आपण याच्या उलट ऐकत आलो आहोत. ‘गावात बारा, हायवेला अठरा’ हे पेट्रोल गाडीचे ठरलेले उत्तर असते, आणि स्ट्राँग हायब्रिड घेणाऱ्याने सर्वांत आधी तेच मनातून काढून टाकायला हवे.

माझा रोजचा रस्ता कोथरूड ते खराडी, एका बाजूला सुमारे १८ किलोमीटर. कर्वे रस्ता, डेक्कन, बंडगार्डन आणि मग नगर रस्ता. सकाळी या प्रवासाला तास लागतो, संध्याकाळी त्याहून अधिक. साध्या पेट्रोल गाडीसाठी ही सर्वांत वाईट परिस्थिती, कारण इंजिन उभ्या उभ्या पेट्रोल पिते आणि प्रत्येक ब्रेकबरोबर, नुकताच मिळवलेला वेग उष्णता होऊन वाया जातो. येथे मात्र टोयोटाची दीड लिटरची तीन सिलिंडरची यंत्रणा आहे. इंजिन ९२ पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे एकक), विद्युत मोटर ८० पीएसची, आणि दोन्ही मिळून ११६ पीएस. इंजिन अ‍ॅटकिन्सन चक्रावर चालते : आत घेण्याची झडप उशिरा बंद होते, त्यामुळे दाबण्याच्या फेरीपेक्षा प्रसरणाची फेरी परिणामतः मोठी ठरते आणि जळालेल्या पेट्रोलमधून अधिक काम काढून घेता येते. अशा इंजिनाचा कमी वेगातला जोर उणा पडतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी मोटर पुढे येते. गिअरपेटीच्या ई-सीव्हीटी या नावामुळे अनेकांना आत पट्टा असेल असे वाटते, पण तेथे पट्टाही नाही आणि क्लचही नाही. ग्रहीय गिअरच्या एका संचातून इंजिन आणि मोटर यांची शक्ती वाटली किंवा एकत्र केली जाते.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा की, रांगेत पुढे सरकताना इंजिन बंदच असते. माझ्या रोजच्या प्रवासात निम्म्याहून अधिक वेळ गाडी विजेवर चालते, आणि ती वीज बाहेरून चार्ज केलेली नसून ब्रेकमधून आणि इंजिनाच्या शिलकीतून आलेली असते. म्हणूनच ब्रेक कसा लावतो याला येथे इतके महत्त्व आहे. पुढचा सिग्नल लाल दिसताच पाय उचलून लवकर आणि हलका ब्रेक लावला, तर बहुतेक गती बॅटरीत परत जाते. शेवटच्या क्षणी जोरात दाबला, तर ब्रेकचे पॅड ती खाऊन टाकतात. एवढी एक सवय लावून घेतल्यावर माझे शहरातले अ‍ॅव्हरेज पहिल्या दोन महिन्यांतच २२.५वरून २४च्या वर गेले. त्या मानाने अगदी हळू, जपून वेग वाढवण्याचा फारसा लाभ दिसला नाही. ठरवलेल्या वेगाला सरळ पोचावे आणि मग पाय सैल करून मोटरला काम द्यावे, हे अधिक उपयोगी पडते.

उन्हाळ्यात चित्र थोडे बदलते. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलवर इंजिन बंद असूनही थंडावा टिकतो, ही मोठी सोय आहे. पण ती वीज त्याच लहानशा बॅटरीतून जाते आणि थोड्या वेळाने केवळ तिला भरण्यासाठी इंजिन सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत माझे शहरातले अ‍ॅव्हरेज २२च्या आसपास उतरते, तर पावसाळ्याच्या थंड आठवड्यांत २६पर्यंत चढते. सर्वांत वाईट आकडे मात्र अगदी छोट्या फेऱ्यांचे आहेत. सकाळी थंड गाडी काढून दोन किलोमीटरवरच्या मंडईत जाऊन आलो, तर हाती १६ पडतात, कारण इंजिन आणि धुराड्यातला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम होईपर्यंत इंजिनाला चालूच राहावे लागते आणि ते गरम होते तोवर घर येते. ज्यांचा वापर एवढाच आहे, त्यांनी या यंत्रणेसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

आता महामार्ग. वेग ताशी ८०वरून १००वर नेला, तर तो २५ टक्क्यांनी वाढतो. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो ५६ टक्क्यांनी चढतो. उंच, रुंद कपाळाच्या एसयूव्हीला हा विरोध सेडानपेक्षा अधिक जाणवतो, आणि एकसारख्या वेगात ब्रेकच लागत नसल्यामुळे बॅटरीत परत येण्यासारखे काही उरत नाही. हायब्रिड तेथे जवळजवळ साध्या पेट्रोल गाडीसारखी वागते. फायदा उरतो तो मुख्यतः अ‍ॅटकिन्सन इंजिनाचा. कोल्हापूरच्या रस्त्यावर ८० धरून चालवली तेव्हा २३.५ मिळाले, १००ला तेच २० झाले. घाईच्या एका दिवसात वाचलेली वीस-पंचवीस मिनिटे आणि त्यासाठी जळालेले दीड लिटर पेट्रोल, हे दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहिलेले आहेत.

मुंबईच्या फेऱ्यांनी मला सर्वाधिक शिकवले. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे अधिक उंच आहे, त्यामुळे मुंबईला जाताना आपण एकंदरीत उतरत असतो आणि येताना चढत असतो. माझे जातानाचे आकडे २२च्या आसपास आहेत, येतानाचे १९च्या. केवळ जातानाचा आकडा पाहून कोणी गाडीचे कौतुक करत असेल, तर त्याच्या परतीच्या प्रवासाची चौकशी अवश्य करावी. खंडाळ्याच्या घाटात उतरताना बॅटरीचा निर्देशक काही किलोमीटरांतच भरतो, आणि उरलेली उतरण फुकट जाते असे वाटून पूर्वी मला हळहळ वाटायची. त्यामागचे गणित सोपे आहे. माणसांसह साडेपंधराशे किलोंची गाडी साडेपाचशे मीटर उतरते तेव्हा सुमारे २.३ युनिट ऊर्जा मोकळी होते, आणि बॅटरीची एकूण क्षमता आहे ०.७६ युनिट, तीही पूर्ण वापरली जात नाही. एवढ्या लहान भांड्यात घाट मावणे शक्यच नाही. बॅटरी भरल्यावर गिअरच्या दांड्याची ‘बी’ स्थिती (उतारावर इंजिनाने रोखण्याची) लावली की इंजिन नुसते फिरून गाडीला रोखून धरते. त्यात पेट्रोल जळत नाही आणि ब्रेकही तापत नाहीत, म्हणून घाटात ती स्थिती लावावीच. परतताना हीच उंची पुन्हा चढण्यासाठी माझ्या हिशेबाने अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल लागते, आणि दोन्ही दिशांच्या आकड्यांतला फरक बराचसा यातूनच येतो.

मग २७.९७ कोठून आले? प्रमाणित अ‍ॅव्हरेजला बोलताना सरसकट ‘एआरएआयचा आकडा’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था. १९६६मध्ये स्थापन झालेली ती संस्था आमच्या कोथरूडलाच, वेताळ टेकडीवर आहे. आम्ही सकाळी फिरायला जातो त्या भागाला लोक एआरएआय टेकडीच म्हणतात. भारतीय चाचणीचे चक्र ११८० सेकंदांचे, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी असते. गाडी रस्त्यावर न धावता रोलरवर धावते, साडेदहा किलोमीटरांच्या आसपास अंतर काटते, एकदाही ताशी ९०च्या पुढे जात नाही, आणि तिचा एसी बंद असतो. सरासरी वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर येतो. सर्व गाड्यांना एकाच मापाने मोजण्यासाठी ही पद्धत योग्यच आहे, आणि उत्पादकाने तो आकडा सांगण्यातही काही गैर नाही. परंतु नगर रस्त्यावर माझा सरासरी वेग १८ असतो, द्रुतगती मार्गावर ८०च्या पुढे, आणि दोन्ही ठिकाणी एसी चालू असतो. चाचणीतल्या गाडीचे आयुष्य माझ्या गाडीच्या वाट्याला क्वचितच येते.

एकदा मात्र ते आले. डिसेंबरमध्ये नात्यातल्या एका लग्नाच्या तयारीसाठी आठवडाभर फलटण आणि बारामती यांच्या दरम्यान ये-जा करावी लागली. सपाट मुलूख, थंड हवा, एसी बंद, गाडीत दोघेच, आणि ताशी पन्नास-साठच्या वर जाण्याचे काही कारण नाही. मधून मधून गावे लागत असल्याने ब्रेकमधून वीजही मिळत राहिली. त्या टाकीचे उत्तर आले २६.८, माझ्या वहीतले सर्वोच्च. चाचणीच्या आकड्याशी जुळणारी परिस्थिती मिळाली की गाडी त्याच्या इतक्या जवळ जाते, हे पाहून मला खरोखर आनंद झाला.

भरलेल्या टाक्यांच्या हिशेबात दुसऱ्या टोकाला १७.६ आहे. गणपतीत ताम्हिणीमार्गे कोकणात जाताना पाच माणसे आणि सामान होते. स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी मागच्या बाजूला असल्यामुळे डिकी साध्या ग्रँड व्हिटारापेक्षा लहान आहे, म्हणून टपावर कॅरिअर लावून बॅगा वर चढवल्या, आणि त्या बॅगांनी वाऱ्याचा सगळा हिशेब बिघडवला. तेव्हापासून कॅरिअर काम संपताच काढून ठेवतो. टायरमधली हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना तपासतो. इथेनॉलविषयी एवढेच सांगतो की, लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमीच मिळते. आज कोणत्याही गाडीचे अ‍ॅव्हरेज जुन्या आकड्यांशी ताडताना हे लक्षात घ्यायला हवे.

राहिला पैशांचा प्रश्न. माझ्या साडूंकडे हीच गाडी माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिक रूपात आहे, म्हणजे तिच्यात मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, एकटीने गाडी चालवत नाही. तिचा प्रमाणित आकडा २०.५८. आम्ही पंधरा दिवस गाड्यांची अदलाबदल केली. माझ्या कोथरूड-खराडी रस्त्यावर त्यांच्या गाडीने १३.५ दिले, महामार्गावर १७. बाजारात आली तेव्हा तिच्या झेटा ऑटोमॅटिक या माइल्ड हायब्रिड प्रकाराची एक्स-शोरूम किंमत १५.३९ लाख होती आणि स्ट्राँग हायब्रिड झेटा प्लसची १७.९९ लाख. प्लसमध्ये इतर काही सोयीही अधिक आहेत, पण २.६० लाखांचा हा सगळा फरक पेट्रोलवर टाकला आणि लिटरला १०४ रुपये धरले, तर तो २,५०० लिटरांचा होतो. शहरात हजार किलोमीटरमागे माझे ३३ लिटर वाचतात, महामार्गावर फक्त दहा. म्हणजे केवळ शहरात चालवणाऱ्याचे पैसे सुमारे ७६,००० किलोमीटरांत वसूल होतात, आणि केवळ महामार्गावर चालवणाऱ्याला त्यासाठी अडीच लाख किलोमीटर जावे लागते. माझ्या मिश्र वापरात सात वर्षे लागतील. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर आहे, त्यामुळे ही मुदत मला मान्य आहे.

साडू आठवड्यातून दोनदा पुण्याहून सांगलीला कामासाठी जातात आणि शहरात गाडी जवळजवळ काढत नाहीत. अदलाबदल संपल्यावर त्यांनी मला विचारले, ‘माझी गाडी विकून तुमच्यासारखी घेऊ का?’ वही त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितले की, तुम्ही आहे तीच ठेवा, फक्त शंभरऐवजी ऐंशी-पंच्याऐंशीने चालवा. गेल्या महिन्यात त्यांनी कळवलेले अ‍ॅव्हरेज १९.२ आहे.