७.५ सिंगल फेज की १० थ्री फेज? जुन्या जनरेटरवर घरचं आणि गाळ्यातलं काय काय चालेल

ठाणे-नवी मुंबईत जुना डिझेल जनरेटर मिळायला फार फिरावं लागत नाही. शीळफाट्याची गोदामं आहेत, कळंबोलीचे व्यापारी आहेत, मोबाइल टॉवरवरून उतरवलेली मशीनं आहेत. वागळे इस्टेटमधला किंवा रबाळ्यातला छोटा गाळेवाला आणि घोडबंदर रोडला स्वतःचा बंगला असलेला माणूस, दोघांसमोर बहुतेक वेळा दोनच पर्याय येतात. एक ७.५ केव्हीएचा सिंगल फेज, दुसरा १० केव्हीएचा थ्री फेज. किमतीत फारसा फरक नसला की हात आपसूक दहाकडे जातो. घरासाठी घेत असाल तर तो हात मागे घ्या. घराला साडेसातवाला जास्त कामाचा. थ्री फेज मोटारी असलेल्या गाळ्याला मात्र दहाच हवा.

कारण साध्या गणितात आहे. ७.५ केव्हीए म्हणजे २३० व्होल्टला ३२.६ अँपिअर, आणि हे सगळे अँपिअर एकाच फेजवर. १० केव्हीए थ्री फेजमध्ये प्रत्येक फेजला फक्त १३.९ अँपिअर. घरातली जवळपास सगळी उपकरणं सिंगल फेजची, म्हणजे कुठलंही एक उपकरण एकाच फेजवर बसणार आणि त्याला जनरेटरचा तिसरा हिस्साच मिळणार. पाटीवर दहा लिहिलंय, पण एसीच्या वाट्याला सव्वातीनच केव्हीए येतात.

केव्हीए आणि किलोवॉट यांचीही गल्लत होते. जनरेटरची पाटी सहसा ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी खरं काम करणारा हिस्सा) धरून असते. साडेसातमधून ६ किलोवॉट, दहामधून ८. गिझर, इस्त्री, रॉड अशा तापणाऱ्या वस्तूंसाठी किलोवॉट बघा, मोटारींसाठी अँपिअर. मोटार सुरू होताना चालू करंटच्या ५ ते ७ पट ओढते. तो झटका सेकंदभराचाच, पण जनरेटर मान टाकतो तो तेव्हाच.

खालचे आकडे साधारण आहेत. तुमच्या मशीनची पाटी वेगळं सांगत असेल तर पाटी खरी. स्टार-डेल्टा म्हणजे मोटार आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजवर आणणारा स्टार्टर.

| लोड | चालू करंट | सुरू होताना | ७.५ सिंगल | १० थ्री |
|---|---|---|---|---|
| २५० लिटरचा फ्रिज | १ अँ. | ६–१० अँ. | आरामात | आरामात |
| १ एचपी पाण्याचा पंप, सिंगल फेज | ६–७ अँ. | २५–३० अँ. | चालतो | फेज पूर्ण मोकळा असेल तरच |
| दीड टन जुना एसी | ८ अँ. | ४०–४५ अँ. | आधी एसी, मग बाकीचं | बहुतेकदा नाही |
| दीड टन इन्व्हर्टर एसी | ७ अँ.पर्यंत | हळूहळू चढतो | आरामात | चालतो |
| २ एचपी कॉम्प्रेसर, सिंगल फेज | १०–११ अँ. | ५०–६० अँ. | टाकी रिकामी असताना | नाही |
| ३ एचपी कॉम्प्रेसर, थ्री फेज | ४.५ अँ. | २८ अँ. | थेट नाही | टाकी रिकामी असताना |
| ५ एचपी लेथ, थ्री फेज | ७.५ अँ. | थेट ४५, स्टार-डेल्टाने १५ | नाही | स्टार-डेल्टाने |
| इन्व्हर्टर वेल्डिंग, २.५ मिमी रॉड | १४ अँ. | – | चालतं | काठावर |
| इन्व्हर्टर वेल्डिंग, ३.१५ मिमी रॉड | २२ अँ. | – | एकट्याने | नाही |

यातला सगळ्यात फसवा पाहुणा म्हणजे कॉम्प्रेसर. टाकी रिकामी असताना तो पटकन सुरू होतो, बघणारा खूश होतो, पैसे देतो. पण काम चालू असताना टाकीत सहा-सात किलो प्रेशर असतं, ते खाली आलं की प्रेशर स्विच मोटार पुन्हा लावतो, आणि तेव्हा पिस्टनवर दाब असेल तर मोटार फिरतच नाही, नुसती गुणगुणते. बंद होताना पिस्टनवरची हवा सुटल्याचा ‘फुस्स’ आवाज यायला हवा. तो येत नसेल तर ही हवा सोडणारा अनलोडर व्हॉल्व्ह अडकलाय. आधी तो दुरुस्त करा. जनरेटर मोठा घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

वेल्डिंगचं उलटं. तिथे झटका नाही, पण ओढ सतत आहे आणि पॉवर फॅक्टर खराब. इन्व्हर्टर मशीनवर ३.१५ च्या रॉडला ११५ अँपिअर लावले की जनरेटरकडून सुमारे ५ केव्हीए जातात. तांब्याच्या गुंडाळीचा जुना ट्रान्सफॉर्मर सेट तर दोन फेजांवर १२ केव्हीएच्या पुढे मागतो, म्हणून तो या दोन्ही जनरेटरवर लावायचाच नाही. वेल्डिंग चालू असताना त्याच जनरेटरवर टीव्ही, राउटर, संगणक ठेवू नका. प्रत्येक टाक्यागणिक व्होल्टेज खालीवर होतं आणि त्यांच्या आतली बिचारी एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मरते.

हातातली अवजारं, म्हणजे चार इंची ग्राइंडर, १३ मिमी ड्रिल, कटर, कुठल्याही जनरेटरवर चालतात. त्यांची चिंता नको.

आवडलेलं मशीन नेमकं चुकीच्या फेजचं असेल तरी लगेच सोडू नका. थ्री फेज अल्टरनेटरच्या (जनरेटरमधल्या वीज बनवणाऱ्या भागाच्या) टर्मिनल बॉक्समध्ये १२ वायरी बाहेर आलेल्या असतील तर जोडणी बदलून तो सिंगल फेज करता येतो. क्षमता साधारण साठ-पासष्ट टक्क्यांवर येते, म्हणजे दहाचा सहा-साडेसहा. चारच वायरी असतील तर हा मार्ग बंद. उलट बाजूने, साडेसातच्या सिंगल फेजवर ३ एचपीपर्यंतची थ्री फेज मोटार व्हीएफडीने (सिंगल फेजमधून थ्री फेज बनवून मोटार हळूहळू वेगात आणणाऱ्या उपकरणाने) चालवता येते. अट एवढीच की मोटारीच्या सहाही वायरी बाहेर असाव्यात आणि ती स्टारमध्ये ४१५ ची असावी, म्हणजे डेल्टा करून २४० ला बसते. झटकाही जातो. लेथसाठी हा तोडगा फार चांगला.

आता चाचणी. विकणारा दोन बल्ब आणि एक ग्राइंडर लावून दाखवतो. त्यातून इंजिन फिरतं एवढंच कळतं. तुम्ही जाताना क्लॅम्प मीटर (झटका पकडणारा, म्हणजे ‘इनरश’ बटण असलेला), वारंवारता दाखवणारा मल्टीमीटर, ५०० व्होल्टचा मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजणारा) आणि पाण्यात सोडायचे रॉड घेऊन जा. साडेसातसाठी १५०० वॉटचे चार रॉड पुरतात, बरोबर ६ किलोवॉट होतात. दहासाठी प्रत्येक फेजवर एक १५०० आणि एक १००० चा, मिळून साडेसात किलोवॉट.

रॉड २०० लिटरच्या लोखंडी पिंपात लाकडी फळीवरून सोडायचे, पिंपाला अर्थिंग द्यायचं, आणि वीज चालू असताना पाण्यात बोट घालायचं नाही. ६ किलोवॉटने २०० लिटर पाणी तासाला साधारण २६ अंश तापतं, म्हणजे पहिल्या तासातच ते पन्नाशी ओलांडतं. चाचणी लांबवायची असेल तर दुसरं पिंप भरून ठेवा.

लोडशिवाय वारंवारता ५१.५ ते ५२ हर्ट्झ हवी. मग पाव लोडवर पंधरा मिनिटं, अर्ध्यावर पंधरा, पाऊणवर अर्धा तास, पूर्ण लोडवर एक तास. पूर्ण लोडवर वारंवारता ५० च्या आसपास टिकावी, ४९ खाली गेली तर गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) किंवा डिझेलचा पंप थकलाय. व्होल्टेज २३० च्या पाच टक्के इकडे-तिकडे राहावं. लोड स्थिर असताना हर्ट्झ सारखे वर-खाली होत असतील तर बहुतेकदा डिझेलच्या लाइनमध्ये हवा असते किंवा गव्हर्नरचा जोड झिजलेला असतो. हवेची दुरुस्ती फुकट, गव्हर्नरची नाही.

याच तासात डिझेल मोजा. टाकीचा पाइप पाच लिटरच्या मोजणीच्या डब्यात घाला. ६ किलोवॉटवर तासाला दोन लिटरच्या आसपास जायला हवं. अडीचच्या वर जात असेल आणि धूर काळा असेल तर इंजेक्टर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढराच असेल तर कॉम्प्रेशन गेलंय किंवा सिलिंडरमध्ये पाणी जातंय. ऑइलचं झाकण काढून बघा, तिथून धूर भकाभका येत असेल तर रिंगा गेल्या.

रॉडचा तास निघाला की मगच मोटारी. आधी फ्रिज, मग पंप, मग एसी किंवा कॉम्प्रेसर. शक्य असेल तर तुमचाच कॉम्प्रेसर टेम्पोत घालून न्या. क्लॅम्प मीटरने झटका नोंदवा आणि त्याच वेळी व्होल्टेज किती खाली जातं ते दुसऱ्या मीटरच्या ‘मिन’ वर पकडा. १७० च्या खाली जात असेल तर तुमचे कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधले चुंबकी स्विच) सुटण्याची भीती, आणि मोटार सुरू व्हायला दोन सेकंदांहून जास्त लागत असतील तर तो लोड त्या जनरेटरचा नव्हे.

थ्री फेजमध्ये एक जास्तीची परीक्षा. तीन फेजांवर मुद्दाम असमान लोड टाका, एकावर दोन रॉड, एकावर एक, तिसऱ्यावर फक्त १०० वॉटचा पिवळा बल्ब. बल्ब अचानक डोळ्यात खुपेल इतका तेज झाला तर न्यूट्रलचा लग (वायरच्या टोकाचा जोड) ढिला आहे. न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर ४०० च्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं. घरचा टीव्ही आणि फ्रिज त्यातच जातात. लग घट्ट असताना थोडा फरक दिसला तर तो एव्हीआरचा (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटचा) स्वभाव, लोड नीट वाटला की कमी होतो.

पावसाळ्यात खरेदी करत असाल तर मेगर आधी. उघड्या गोदामात जून ते सप्टेंबर पडून राहिलेल्या अल्टरनेटरच्या वाइंडिंगमध्ये ओल मुरलेली असते. एव्हीआर आणि डायोड सोडवून मगच मेगर लावायचा, नाहीतर तेच उडतात. १ मेगाओमच्या खाली असेल तर चालू करू नका. आत २०० वॉटचे दोन बल्ब ठेवून, ताडपत्री झाकून रात्रभर शेक द्या आणि पुन्हा मोजा. ५ च्या वर गेला तर नुसती ओल होती. जागचा हलला नाही तर रिवाइंडिंग, आणि त्या खर्चात सौदा बुडाला. एव्हीआर जळालेला असणं त्या मानाने किरकोळ.

मशीन आलं कुठून यावरही बरंच अवलंबून. टॉवरवरचे सेट हजारो तास चाललेले, पण सर्व्हिस वेळेवर झालेली. मात्र त्यातले पुष्कळ कमी लोडवर चाललेले असतात. तीस टक्क्यांच्या खाली सतत चाललेल्या डिझेल इंजिनात न जळलेलं इंधन साचतं आणि सायलेन्सरमधून काळा चिकट ओघळ येतो. पूर्ण लोडच्या तासात तो जळून धूर स्वच्छ झाला तर ठीक. मंडपवाल्यांचे बेल्टवरचे सेट दिसायला गावठी, पण जाड फ्लायव्हीलमुळे मोटारीचा झटका छान सोसतात. मुंबईत जुनी जहाजं तोडतात त्या दारुखान्याकडून आलेले जहाजावरचे सेट स्वस्त मिळतात, बनावट दणकट असते. पण ते बहुतेक ४४० व्होल्ट ६० हर्ट्झचे, १८०० आरपीएमवर. १५०० वर उतरवले की ५० हर्ट्झ मिळतात, व्होल्टेज ३६६ च्या आसपास येतं आणि ताकद पाच-षष्ठांश. एव्हीआरने व्होल्टेज वर ढकललं तर गाभा तापतो. घरासाठी नकोच.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करा. चेंजओव्हर स्विच (एका वेळी महावितरण किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) न्यूट्रलही तोडणारा हवा, सिंगल फेजला दोन पोल, थ्री फेजला चार. हा स्विच नसला तर तुमची वीज उलटी महावितरणच्या लाइनवर जाते आणि खांबावर काम करणारा माणूस मरू शकतो. गाळ्यात पॉवर फॅक्टर सुधारायचे कपॅसिटर कायमचे जोडलेले असतात. जनरेटरवर जाताना ते बाजूला पडतील अशी सोय करा, कारण कमी लोडवर तेच कपॅसिटर अल्टरनेटरचं व्होल्टेज भरमसाट चढवतात. छतावर ग्रिडला जोडलेलं सोलर असेल तर त्याचा इन्व्हर्टर जनरेटरच्या बाजूला येऊ देऊ नका, तो जनरेटरलाच उलटी वीज देऊ लागतो. आणि घरचा बॅटरीवाला इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेत नसेल तर मागचं बटण ‘यूपीएस’ वरून ‘नॉर्मल’ वर करा. बहुतेकदा एवढ्यानेच चार्जिंग सुरू होतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर हे दोन्ही विसरा. कॅनॉपी (आवाज अडवणारी पेटी) नसलेल्या जुन्या डिझेल सेटचा आवाज पाहता निवासी भागातली रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा पाळणं शक्य नाही. बाल्कनीत किंवा बंद पार्किंगमध्ये धूर साचला तर कार्बन मोनॉक्साइडने माणसं जातात. फ्लॅटला दिवे, पंखे, राउटर आणि फ्रिज एवढंच हवं असेल तर चांगली बॅटरी आणि इन्व्हर्टर पुरे. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे) पंखे लावले तर एका पंख्याला ७५ ऐवजी तीसेक वॉट लागतात आणि तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते. अंगण असलेल्या रो-हाउसला २ ते अडीच केव्हीएचा छोटा पेट्रोल जनरेटर बरा. फ्रिज, पंखे आणि अर्ध्या एचपीचा पंप तो ओढतो, अर्ध्या लोडवर तासाला एक लिटरच्या आत पितो. दीड टनाचा जुना एसी त्याच्यावर लावून बघू नका.